नखाची खूण

"पप्पा, इथे नख दाबा." समृद्धीने ओल्या मातीची पाटी दिपेशच्या पुढ्यात धरली.

दिपेश नुकताच साइटवरून आला होता. हातात मोबाइल होता आणि मोबाइलवर ऋतुराजचा मेसेज. ऋतुराज त्याचा इंजिनीअर. डोंबिवलीच्या नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचे चार कॉलम तपासणीत कच्चे निघाले होते. ते तोडून पुन्हा भरायचे तर दोन महिने जाणार, आणि दसऱ्याला ताबा देण्याचा शब्द मोडणार. सकाळी घरी चहा घेता घेताच दिपेशने फोनवर सांगून टाकलं होतं, "प्लास्टर झाल्यावर कोण बघतंय? उद्या वरचा स्लॅब भरून टाक." आता ऋतुराजने पुन्हा विचारलं होतं, "सर, नक्की भरायचा ना?" हो म्हणायचं तेवढं राहिलं होतं.

"कसलं नख?" त्याने विचारलं.

"दाबा हो," दर्शना स्वयंपाकघरातून म्हणाली. "दुपारपासून तुमची वाट बघतेय ती."

समृद्धी दहा वर्षांची. तीन वर्षांपूर्वी दर्शनाने तिला शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायला घेतलं, तेव्हा सगळं बाळकुम गाव हसलं होतं. बिल्डरची पोर आणि घरात चिखल खेळते, असं भाऊबंद म्हणायचे. आता तेच आपल्या मुलांना घेऊन बघायला येत. हॉलच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याचा पिरॅमिड होता. खिडकीत नाईलकाठची शेती गव्हाच्या कोंबांनी हिरवी झाली होती. मे महिन्यात माय-लेकींनी पार्किंगमध्ये हाताने मोजून खडूने बायबलमधल्या नोहाचं तारू आखलं. तीनशे हात लांब. ते पार्किंगमध्ये मावलं नाही, गेटबाहेर रस्त्यावर गेलं. वॉचमनने दोन दिवस कोणालाही त्यावर गाडी लावू दिली नाही. दिपेश ही गोष्ट ज्याला त्याला सांगे.

या महिन्यात बाबिलोन चालू होतं. गणपतीच्या कारखान्यातून शाडूची माती आणली होती. समृद्धीने आइस्क्रीमची काडी तासून लेखणी केली होती. पाटीवर वरच्या ओळीत बाबिलोनच्या लिपीतल्या पाचरीसारख्या खुणा होत्या, खाली मराठी.

"आधी वाच," दिपेश हसत म्हणाला. "न वाचता मी कशावर सही करत नाही."

समृद्धी ताठ उभी राहिली. "बांधणाऱ्याने घर बांधलं आणि त्याची भिंत कच्ची निघाली, तर त्याने ती स्वतःच्या खर्चाने पुन्हा मजबूत करून द्यावी. बाबिलोनच्या राजाचा कायदा. पावणेचार हजार वर्षं जुना."

दिपेशचं हसू ओठांवरच राहिलं.

"आणि नाही करून दिली तर?"

"मग ते घर पडतं. घरमालक मेला, तर बांधणाऱ्याला पण मारून टाकायचं." तिने ओल्या बोटाने पाटीची कड सारखी केली. "तुम्ही घाबरू नका. आपल्या बिल्डिंगा पडत नाहीत. मी आमच्या होमस्कूल ग्रुपमधल्या सगळ्यांना सांगितलंय."

"बरं बरं. बॅगेत माझा रबरी शिक्का आहे, तो मारू?"

"शिक्का ऑफिसमधलं कोणीपण मारतं, पप्पा. तेव्हा ज्यांच्याकडे शिक्का नसायचा, ते मातीत नख दाबायचे. नख तुमचंच लागतं."

दिपेशने अंगठ्याचं नख मातीवर टेकवलं, पण ते दाबलं जाईना.

त्याला वडील आठवले. गोविंदा मिठागरावर कामाला होता. आज जिथे हे कॉम्प्लेक्स आहे तिथे तेव्हा भातशेती होती, आणि तिच्यापुढे खाडीपर्यंत मीठच मीठ. गोविंदाने घातलेला बांध उधाणाच्या भरतीलाही फुटत नाही, असं लोक म्हणत. दिपेशला घर बांधायचं पहिलं काम मिळालं, ते गोविंदाचा मुलगा म्हणून.

"थांब जरा," तो म्हणाला आणि गॅलरीत गेला. दार उघडंच राहिलं.

"ऋतुराज, उद्याचा स्लॅब रद्द. चारही कॉलम तोड. हो, चारही. खर्च माझा, दुसऱ्या कुणाचा? आणि ऐक, ज्यांनी घरं घेतलीत त्यांना मीच फोन करतो. उशीर का होतोय तेपण सांगतो. कॉलम कच्चे होते म्हणून."

तो आत आला, पाटीपुढे मांडी घालून बसला आणि त्याने नख दाबलं. इतकं खोल, की समृद्धी ओरडली, "पप्पा, फुटेल ना!"

तिने दोन्ही हातांनी पाटी उचलली आणि वाळायला ठेवायला निघाली.

"मी खरं तर दुसराच कायदा लिहिणार होते," ती म्हणाली. "बायबलमधल्या मोशेचा. नवीन घर बांधलं तर गच्चीला कठडा करायचा, म्हणजे वरून कोणी पडणार नाही. तो मस्त होता. पण आजी म्हणाली, घर बांधणाऱ्यांचे जेवढे कायदे असतील तेवढे सगळे मला वाचून दाखव. मी सगळे वाचले. मग म्हणाली, हा लिही, आणि यावर बापाचं नख घे."

दिपेशने वळून पाहिलं. त्याची आई, तुळसा, भिंतीला टेकून सुकट निवडत बसली होती, सकाळी चहाच्या वेळी बसली होती तिथेच. आयुष्यात शाळेची पायरी न चढलेली बाई.

"आये," तो म्हणाला, "तू?"

तुळसाने सुपावरची मान वर केली. मुलाकडे पाहताना तिचा चेहरा उजळला होता.

"मना वाचाला येत नाय, बाला," ती म्हणाली. "आयकाला येतं."