डाव्या कानातलं

ताई गेल्यावर धाकटीचा तसा फायदाच झाला. खोली एकटीची झाली आणि गाण्यांचा तो काडेपेटीएवढा प्लेअरही. ताई होती तोवर उजवा इअरफोन हिचा, डावा तिचा. वर ताईचं बेसूर गुणगुणणं सोसायचं.

आता तिने दोन्ही कानांत घातले. उजव्यात गाणं वाजलं. डाव्यात गाणं नव्हतंच. नुसतं गुणगुणणं होतं, बेसूर.

दुरुस्तीवाल्याने वायर तपासली. "डावी आतून तुटलीय. त्या कानात काही ऐकू आलं, तर नवा सेट माझ्याकडून फुकट!"

ऐकू येतं, हे ती त्याला सांगायला गेली नाही. ताई गेल्यापासून आई भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची. धाकटीने आईच्या कानात डावा इअरफोन घातला. आई निदान बोलेल, एवढाच तिचा स्वार्थ.

आई बोलली. "अगं बाई, अजून तशीच गाते!" आणि हसली. त्या दिवशी पोटभर जेवलीसुद्धा.

मग मात्र तिने तो कानातून काढलाच नाही. बॅटरी संपली, तरी तिची मान डोलत राहिली.

"आई, बंद पडलाय तो. काढ ना आता, माझ्याशी बोल."

"श्श! ताई काय म्हणतेय ते ऐकू दे." आईने क्षणभर ऐकलं, मग लाडाने म्हणाली, "हो गं, आलेच," आणि डोळे मिटले.

धाकटीने तिला गदागदा हलवलं. शेवटी तो इअरफोन काढून स्वतःच्या कानात घातला.

आत आता दोघी गुणगुणत होत्या.

ताईला आई मिळाली, आईला ताई. भुर्दंड तेवढा धाकटीला पडला.