लोहाराची सांडशी

दूरच्या एका दीर्घिकेत धुळीआड तारे जन्मतायत, त्यांची ऊब अवरक्त यंत्राला कळते, असं लेक सांगायची. तिच्या संशोधनावर देखरेख करणाऱ्या सरांना मात्र ती दीर्घिका विझलेलीच वाटे. ‘ही ऊब तुझ्या यंत्राचीच असेल.’ आज पडताळणीसाठी यंत्रावर आकाश झाकणारं झाकण लावायचं होतं. तरीही पडद्यावरची रेघ उसळली, तर सर खरे. झाकणाची कडी मोडलेली, म्हणून सोबत आलेल्या तिच्या लोहार बापाने ते तळहाताने दाबून धरलं. रेघ उसळली. ‘दोन वर्षं पाण्यात गेली, बाबा.’ म्हातारा आपल्या हाताकडे बघू लागला. ‘थांब गं. ही ऊब माझी तर नाही?’ त्याने पिशवीतली लांब सांडशी काढून तिच्या टोकाने झाकण दाबलं. रेघ हळूहळू आडवी झाली. ‘म्हणजे ऊब यंत्राची नाही. भट्टी तिकडेच पेटलीय,’ लेक पुटपुटली. ‘साठ वर्षं भट्टीपुढे बसलो,’ म्हातारा म्हणाला, ‘पण इतक्या लांबून विस्तव ओळखणारी तूच.’