ताईसारखी

"मला नको. मी जाडी झालेय," म्हणत सात वर्षांच्या ईराने थालीपिठाची ताटली पुढे सरकवली. मग फ्रॉकवरूनच पोट चिमटीत धरून ताईला दाखवलं.

दप्तर भरता भरता शाल्मली थांबली. स्नेहसंमेलनातल्या तिच्या फोटोखाली वर्गातल्या कुणीतरी 'ढोली' असं लिहिलं, तेव्हापासून तिचं जेवण सुटलं होतं. सकाळी नुसता काळा चहा, दुपारी काकडी, आणि डबा मैत्रिणीच्या पोटात. आई रागावली, रडली, डॉक्टरांकडेही घेऊन गेली. "मला कळतं माझं," एवढंच शाल्मली म्हणायची. शाळेत प्रार्थनेच्या वेळी आलेली घेरी तर तिने घरी सांगितलीच नव्हती.

"वेडी आहेस का? हे काय वय आहे तुझं?" ती ईरावर ओरडली.

"मग तुझं आहे?" ईराने विचारलं. त्यात खोडी नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

शाल्मली ईराच्या काडीसारख्या मनगटाकडे बघत राहिली आणि तिला एकदम भीती वाटली. ती खाली बसली. थालीपिठाचा तुकडा लोण्यात बुडवून तिने ईराच्या तोंडाशी नेला.

"आधी तू."

शाल्मलीने तो स्वतःच्या तोंडात घातला. गिळताना तिचे डोळे भरून आले. मग ईराने आ केला.

ओट्याशी उभ्या आईने मागे वळून पाहिलं नाही. हात ओला करून ती आवाज न करता पुढचं थालीपीठ थापू लागली.