पाहुण्याला विचारायचं राहिलंय

घरच्या चारही अस्थिकलशांची बोचकी बांधून झाली, तरी शिगे म्हातारीचा पाय टेकडीवरून निघेना. खाली धक्क्याला बोट लागली होती. बेटावरची उरलेली तीन घरं आज रिकामी व्हायची होती. बाराला बोट सुटली की इथे दिवा लावायलाही कुणी राहणार नव्हतं.

"आता तेवढं पाहुण्याचं थडगं उकर बाबा," ती कलश काढून द्यायला आलेल्या पाथरवटाला म्हणाली.

तिची लेक नोबुए तिला न्यायला मुख्य बेटावरून आली होती. तिच्या कपाळाला आठी पडली. "आई, तो आपला कोण लागतो? नाव ना गाव!"

पाहुणा म्हणजे दूर देशाचा एक खलाशी. शिगेची आजेसासू लहान असताना त्याचं जहाज खडकावर फुटलं आणि तो मेलेलाच किनाऱ्याला लागला. तेव्हापासून सगळी घरं पाळीपाळीने त्याला पाणी घालत आली. तिकडचे लोक बटाट्यावर जगतात असं कुणीतरी ऐकलं होतं, म्हणून पितरांच्या दिवसांत त्याला भाताऐवजी उकडलेला बटाटा. बिचारा तोही मुकाट्याने घेत आला.

पाथरवटाने कमरेइतकं खणलं. हाडं कधीच मातीला मिळाली होती. त्याने तळातली काळी माती ओंजळभर काढून शिगेच्या हातांत दिली. "एवढेच उरलेत पाहुणे, आजी."

"पुरे. ते चौथं बोचकं सोड."

"तो दादाचा कलश आहे!" नोबुए ओरडली.

मित्सुओचाच होता तो. बावीस वर्षांपूर्वी मासेमारीला गेला आणि परतला नाही. त्याचं बोटाएवढं हाडही हाती लागलं नाही. कलशात किनाऱ्यावरचा एक गोटा होता, बस.

"मुख्य बेटावरच्या देवळाने चारच कलशांना जागा दिलीय," शिगे म्हणाली. "पाचवा ठेवू कुठे? दोघं राहतील दाटीवाटीने."

"बावीस वर्षं मी त्या गोट्यापुढे हात जोडतेय, आई. आता त्यात परक्याची माती घालणार तू? मग मी हात जोडायचे कुणापुढे?" नोबुएचा आवाज फाटला.

शिगेला लेकीचं दुःख दिसत नव्हतं असं नाही. तेच तर तिच्याही उरात बावीस वर्षं सलत होतं. ती हळू म्हणाली, "मित्सुओ कुठल्यातरी काठाला लागलाच असेल ना गं? तिथल्या बायकांनी नाव ना गाव म्हणून पाठ फिरवली असेल, असं मला म्हणायला लावू नकोस."

पाथरवटाने बोचकं सोडून झाकण बाजूला ठेवलं.

तरी माती आत घालता येईना. पाहुण्याला विचारायचं राहिलं होतं. बेटाचा रिवाज तसाच होता. समुद्रात प्रेत तरंगताना दिसलं, तर ते नुसतंच उचलायचं नाही. नावेतल्या एकाने विचारायचं, आमच्याबरोबर येणार का? मेलेल्याला बोलता येत नाही, म्हणून दुसऱ्याने त्याच्या वतीने म्हणायचं, येतो. होकार न घेता आणलेला माणूस वाटेतच हरवतो, असं जुने लोक सांगत.

शिगेने ओंजळीकडे बघत विचारलं, "आमच्याबरोबर येणार का?"

त्याच्या वतीने येतो म्हणायला दुसरं कुणी हवं होतं, पण तिचा नवरा पहिल्या बोचक्यात होता. पाथरवटाने खाकरून तोंड उघडलं, पण शिगेने मान हलवली. "तू नको रे. घरच्या कलशात घ्यायचं, तर घरचं माणूस लागतं."

खालून बोटीचा भोंगा वाजला. म्हातारीच्या बोटांच्या फटींतून माती सांडू लागली. तिने पुन्हा विचारलं, "येणार ना रे?"

नोबुए गुडघ्यांवर बसली. आईच्या ओंजळीखाली तिने आपली ओंजळ धरली आणि सांडणारी माती झेलत म्हणाली,

"येतो, आई."