एका बोटाचा नमस्कार

ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या त्या अकरा घरांच्या वस्तीत समोर माणूस दिसला, की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं, एवढाच नमस्कार. त्या दुपारी बिअर पिता पिता क्लॅरी हॉटेलवाल्या बेव्हला सांगत होता, "शहरातल्या लोकांनाही रीतभात आली बघ. भाड्याची गाडी घेऊन आलेलं एक कुटुंब रस्त्याकडेला उभं होतं. मला बघून म्हातारीसकट सगळे दोन्ही हात हलवायला लागले. मीही बोट उचललं."

"आणि थांबला नाहीस?"

"बॉनेट कुठं उघडं होतं? गाडी बंद पडली की बॉनेट उघडं ठेवायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं."

"इथल्या शेंबड्या पोराला, क्लॅरी. त्यांना कोण सांगणार?"

क्लॅरीनं भरला ग्लास तसाच ठेवला. सत्तर किलोमीटर उलट जाताना तो माफीचे शब्द जुळवत राहिला, पण एकही वाक्य धड जमेना.

चौघंही बंद गाडीच्या सावलीला बसली होती. ओठ सुकलेले, आणि चौघांत मिळून पाण्याची अर्धी बाटली. क्लॅरी तोंड उघडणार, तोच म्हातारी उठली आणि तिनं ती बाटली त्याच्याच हातात दिली. "लांबून आलात, आधी दोन घोट घ्या."

मग लेकीकडे वळून म्हणाली,


"तरी मी सांगत होते, हे येणार. जाताना बोट दाखवून गेले होते ना, 'एक मिनिट, आलोच' म्हणून."