मागारी

निमगाव केतकीच्या पुढं गाडीचं चाक पंक्चर झालं. राजेश्वरीनं सगळं रीतसर केलं. गाडी कडेला घेतली, दुसऱ्या चाकामागं मोठा दगड लावला, जॅकवर गाडी उचलून स्टेपनी बसवली आणि निघाली. पण इंदापूर आलं तरी तिचा जीव थाऱ्यावर येईना. नट आवळले होते. जॅक डिकीत होता. मग एकदम आठवलं, तशी तिनं गाडी माघारी वळवली.

दिवस कलला होता. समोरून एखादी मोटरसायकल धडधाकट येताना दिसली, की तेवढ्यापुरतं तिला बरं वाटे.

दगड डांबरावर तसाच पडला होता. दोन्ही हातांनी उचलून तिनं तो बांधापलीकडं टाकला. मघाशी चाक बदलतानाही तिथंच शेळ्या राखत असलेली एक बाई हे बघून खदखदून हसली.

“एका दगडासाठी मागारी आलीस? इंदापुरात दगड मिळंनात व्हय गं?”

राजेश्वरीही हसली. मग हाताची माती झटकत म्हणाली, “गेल्या हंगामात उसाचा एक ट्रॉलीवाला चाकामागचा दगड असाच रस्त्यात विसरून गेला, मावशी. मागनं आमचे तात्या येत होते, मोटरसायकलवर.”