उतार

“मिसेसमध्ये काय चेंज वाटते तुम्हाला?” तनयाने विचारलं. ती इथेच, इंग्लंडमध्ये जन्मलेली, युनिव्हर्सिटीत संशोधन करणारी. मराठी जपून, अडखळत बोलायची. रघुवीरांच्या पत्नीच्या, शैलाच्या उपचाराला वर्ष झालं होतं. आज घरच्या माणसाचं म्हणणं टिपून घ्यायचं होतं.

रघुवीर सांगत गेले. मुलगी गेली, अक्षरा, एकोणीस वर्षांची. त्यानंतर तीन वर्षं शैला धड झोपली नाही. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलमधली डॉक्टरकी सोडली. घरात एक शब्द बोलत नव्हती. स्वतःचं ताट घेऊन वर जायची. जिन्यात ते दिसले, की ते जाईपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. मग तिनं युनिव्हर्सिटीच्या या औषध-चाचणीत नाव नोंदवलं. आठ आठवडे ध्यानाचा सराव आणि मधे दोनदा सायलोसायबिनचा, म्हणजे मशरूममधल्या भास घडवणाऱ्या द्रव्याचा डोस. डोळ्यांवर पट्टी, शेजारी दोन थेरपिस्ट.

दुसऱ्या डोसनंतरच्या सकाळी तिनं चहाचे दोन कप भरले.

“अहो, साखर घेता ना अजून?”

तीन वर्षांतलं ते पहिलं वाक्य.

आता ती रोज पहाटे ध्यानाला बसते, कामावर जाते. अक्षराचं नाव घेते, आठवणी सांगून हसतेसुद्धा. जाता जाता रघुवीरांच्या डोक्यावरून हात फिरवते. तिची चाहूल लागली, की ते गॅरेजमध्ये जाऊन दार लावून घेतात. एवढं मात्र त्यांनी तनयाला सांगितलं नाही.

“काही साइड इफेक्ट दिसली?”

“तिच्यावर? नाही.”

तनयाने लॅपटॉप मिटला. रघुवीर कोट घालून दारापर्यंत गेले आणि थांबले.

“याला उतार पडतो का कधी?”

तिला शब्द कळला नाही. त्यांनी फोड करून सांगितली. असर संपतो का, शैला पुन्हा आधीसारखी होईल का. तनयाला त्यांची कणव आली.

“घाबरू नका, अंकल. आमचे बहुतेक लोक अजून छान आहेत.”

रघुवीर मान हलवून बाहेर पडले.

पार्किंगमध्ये शैला गाडीबाहेर उभी होती. तिनं किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली आणि हलकेच त्यांची बोटं मिटवली.

“आज तुम्ही चालवा,” ती म्हणाली. “अक्षरा गेली त्या दिवशी मोटरवेवर तुम्हाला डुलकी लागली. कुणालाही लागली असती.”